मला तर काहीच होत नव्हतं

माझा धाकटा भाऊ मोहोपाड्याला कारखान्यात कामाला. तिथं औषधांचा कच्चा माल बनतो, त्यामुळं लॉकडाऊनमध्येही त्याची ड्युटी चालूच राहिली. आई-बाबा चौकजवळच्या गावी, मी कर्जतला. दर रविवारी तोच मोटारसायकलवरून त्यांची औषधं नि भाजी पोचवायचा. पिशवी ओट्यावर ठेवायची, अंगणातूनच चार शब्द बोलायचे नि निघायचं.

एका रविवारी आईनं ऐकलं नाही.

"ताप हाय का तुला? खोकला? नाय ना? मग आत ये रं, दोन घास खाऊन जा."

तो आत गेला. आईनं त्याला तांदळाची भाकरी नि सुकटीची चटणी वाढली, जेवेपर्यंत शेजारी बसून राहिली. हे त्यानंच मला फोनवर सांगितलं, खुशीत.

पुढचा रविवार यायच्या आतच आई तापानं फणफणली. त्याच सुमारास कारखान्यात सगळ्यांची तपासणी झाली नि भाऊ पॉझिटिव्ह निघाला. त्याला साधी शिंकही नव्हती. पॉझिटिव्ह निघालेल्यांना एका शाळेत ठेवलं होतं. तिथून तो सारखा फोन करायचा, "ताई, आईचा ऑक्सिजन किती हाय?" आधी मी खरं सांगत होते, मग आकडा वाढवून सांगायला लागले.

आईला दवाखान्यात हलवलं, ती तिथंच वारली. बाबांनी नि मी स्मशानाच्या फाटकाबाहेर उभं राहून त्रिशरण म्हटलं. भाऊ फोनवर होता. पहिल्या ओळीनंतर त्याचा आवाज आलाच नाही.

सुटून आल्यावर तो आईच्या डॉक्टरांना भेटायला निघाला, तेव्हा मीही सोबत गेले.

"माझ्यामुळंच ना?" त्यानं उभ्यानंच विचारलं.

"आई त्या आठवड्यात रेशनच्या रांगेत उभ्या होत्या, शेजारी हळदीलाही गेल्या होत्या," डॉक्टर म्हणाले. "कदाचित त्यांच्याकडूनच तुम्हाला कोरोना आला असेल. लक्षणं नसलेल्यांकडून हा किती पसरतो, हे आम्हालाच अजून नीट कळलेलं नाही."

मला वाटलं, आता त्याचा जीव हलका होईल. बाहेर येऊन तो पायरीवर बसला. "हो म्हणाले असते तरी चाललं असतं गं," म्हणाला. "आता कुणाला विचारू?"

त्या संध्याकाळी बाबांनी त्याला जवळ बसवलं. "पोटभर जेवला होतास ना रं त्या दिवशी? तिला तेवढंच पायजे होतं." भाऊ लहान मुलासारखा रडला. बाबा त्याची पाठ थोपटत राहिले.

या गोष्टीला काही वर्षं झाली. परवा माझ्या लेकीला मुलगी झाली. लेकीचा मामा म्हणून तो मिठाई घेऊन आला नि उंबऱ्यावरच थांबला, तोंडाला मास्क. लेक बाळाला घेऊन पुढं झाली तसा दोन पावलं मागं सरला.

"लांबूनच बघतो. मला काय होत नाय, पण काय सांगावं?"

मी "ये रे आत" म्हणायला तोंड उघडलं आणि मला ते म्हणवेना.