न दिसणारी तार

तारमामांचं खरं नाव फक्त नाटक कंपनीच्या हजेरीपटावर होतं. बाकी साऱ्या जगाचे ते तारमामा. चाळीस वर्षं त्यांनी विंगेत उभं राहून देव खाली आणले, राक्षस वर नेले, आणि एका राजकन्येला तर ढगांतून असं उतरवलं, की पहिल्या रांगेतल्या बायका नवऱ्यांचे हात घट्ट धरायच्या. त्यांचा धर्म एकच. माणूस दिसावा, तार दिसू नये. तार दिसली की खेळ मेला!

मामी त्याच कंपनीचा कपडेपट सांभाळायच्या. शिवणयंत्रावरून मान वर न करता टोमणा मारायच्या, “जगाच्या बायका उडवल्यात. घरची मात्र कायम जमिनीवर.”

“तुला पेलणारी तार अजून निघायची आहे,” मामा म्हणायचे.

कंपनी बंद पडली आणि दोघं लेकीकडे राहायला आली. लेकीचं छोटं अतिथिगृह होतं, मागे अंगण, अंगणात जुनी झाडं. तिने पाहुण्यांसाठी एक कापडी झुला आणला. सोबत चार बोटं रुंद असे दोन पिवळे पट्टे आणि तोंड उघडता-मिटता येणाऱ्या दोन पोलादी कड्या.

“पहिली मी बसणार,” मामींनी जाहीर करून टाकलं.

लेक बाजारात जाताना म्हणाली, “बाबा, पट्टेच वापरा हं. रुंद आहेत म्हणून झाडाला नीट धरतात.”

“आता मला शिकव!” मामा हसले. ती वळताच त्यांनी पट्टे उचलून पाहिले आणि नाक मुरडलं. असली ओझं बांधायची पिवळी धटिंगणं, आणि तीही मामींच्या पहिल्या उड्डाणाला? छे! ट्रंकेतून त्यांनी आपली काळी, बारीक पोलादी तार काढली. दोन झाडांना वेढे घातले, कड्या अडकवल्या, तीनदा तपासल्या, तार ओढून पाहिली. दुरून झुला हवेत आपोआप थांबल्यासारखा दिसत होता. तपासलं नाही ते फक्त झाड. नाटकगृहात तार लोखंडी तुळईला असते, आणि तुळईला साल नसते.

मामी आल्या, चपला काढल्या, आधी बसल्या, मग हळूच आडव्या झाल्या.

“अहो! खरंच तरंगतेय मी!”

मामा सवयीने झाडाआड उभे होते, विंगेत उभं राहावं तसे. तेवढ्यात कानाशी चर्र झालं. तारेने साल कापली होती. कापलेली साल सुटली आणि आतल्या ओल्या लाकडावरून तार हातभर खाली घसरली. झुला कलंडला. मामी झाडाजवळच्या फुलांच्या वाफ्याच्या दगडी काठावर आदळल्या.

आणि मामांनी काय करावं? त्यांनी तार पकडली! रंगभूमीवर काहीही तुटो, तारवाल्याने तार सोडायची नसते. खोडाला पाय लावून, दात आवळून, तळहातातून रक्त येईपर्यंत ते रिकामा झुला ओढत राहिले.

“अहो, मी इकडे आहे!” खालून मामी ओरडल्या.

मामांनी मान वळवली. बायको जमिनीवर, आणि आपण ओढतोय ते काय? बोटं सुटता सुटेनात. शेवटी लेकीने बाजारातून येऊन ती एकेक करून सोडवली.

मामींचं मनगट मोडलं होतं. दवाखान्यातून परतल्यावर मामा झाडापाशी गेले. सालीवर काचल्याची गोल खाच, तिच्यातून रस ओघळत होता. त्यांनी बोट घातलं, तर नखभर आत गेलं. दोन दिवस ते धड जेवले नाहीत.

“झुला देऊन टाक कुणाला,” ते लेकीला म्हणाले. “या हातांनी आता कुणालाही टांगायचं नाही.”

“हात मोडलाय माझा आणि कण्हताय तुम्ही!” खुर्चीतून मामी कडाडल्या. “बांधा परत. मला बसायचंय.”

मामा खुर्चीकडे वळले. “वेड लागलंय का तुला?”

“अर्धं मिनिट तरंगले असेन जेमतेम. तेवढ्यावर बोळवण करता होय?”

जखमी झाडाला सुट्टी मिळाली. मामांनी दुसरं जाडजूड झाड निवडलं, खोड ठोकून पाहिलं, वर वाळकी फांदी नाही ना ते मान दुखेपर्यंत बघितलं. पट्टा पसरून, पीळ न पडू देता खोडाभोवती घेतला, कडीचं तोंड मिटल्याचा आवाज कान लावून ऐकला. झुला ताणला नाही, चांगलं पोट सुटू दिलं. खुर्चीइतकाच उंच ठेवला.

“आधी तुम्ही बसा, बाबा,” लेक म्हणाली.

“मी?”

मामा गोंधळले. उभ्या आयुष्यात इतकी माणसं टांगली, पण स्वतःचा पाय जमिनीवरून कधी उचलला नव्हता. कापड धरून ते टेकले. टाचा सुटल्या, मग चवडे. दोन्ही मुठींत कापड, डोळे त्या पिवळ्या पट्ट्यावर.

“घाबरलात?” मामींनी विचारलं.

“फार,” मामा पुटपुटले. “माझ्या भरवशावर लोक असे लटकायचे? रोज?”

“दोन-दोन खेळ असले की दोनदा. उतरा आता, माझी पाळी.”

“उतरता येत नाहीये गं. मुठी सुटत नाहीत.”

मामी पुढे झाल्या, झुल्याशी वाकल्या, आणि प्लास्टर नसलेला हात त्यांनी मामांपुढे धरला.