चंदनच्या नावाची मूठ

एरंडोलच्या एका शाळेत खिचडी शिजवायला तानुबाई लागली, त्याला बरीच वर्षं झाली. तिला स्वतःचं मूलबाळ नाही, पण गावातली निम्मी पोरं तिच्या हातचं खाऊन मोठी झाली. बाजारात एखादा मिशाळ पोरगा "मावशी, ओळखलं का?" म्हणत पाया पडला, की ती म्हणायची, "नाव नाही आठवत बाबा, पण तू वाटाणे बाजूला काढून ठेवायचास."

गेल्या दिवाळीनंतर तिच्या घरी दोन लेकरं कायमची राहायला आली. धुळ्याची तिची धाकटी बहीण ज्योती आणि मेहुणे मोटरसायकलच्या अपघातात गेले. मागे राहिले मयुरी तेरा वर्षांची आणि चंदन आठ वर्षांचा. त्यांच्या सुरतच्या काकांनी "बघू" म्हटलं. तानुबाई बघत बसली नाही. तिचा नवरा शालिग्राम जळगावला पाइपच्या कारखान्यात कामाला. तोही एवढंच म्हणाला, "आणू घरी. दोन ताटं वाढली तर वाढली."

घर भरलं तशी तानुबाई सुखावली. देवापुढे दिवा लावताना आता तिला काही मागावंसं वाटत नसे.

श्रावणातला शनिवार होता. दुसऱ्या दिवशी घरात खानदेशची देवी कानबाई बसणार होती. दुपारी जरा पाठ टेकली, तर पोरांनी टीव्हीवर पिक्चर लावला. आईबाप गेलेली भाऊबहीण, डोंगरावरचा बंगला आणि त्यांना सांभाळणारे गोडबोले मामा-मामी.

"हा मामा लबाड आहे," तानुबाई पडल्या पडल्या म्हणाली. "एवढं गोड कोणी बोलतं का?"

"मावशी, तू आधी पाहिलाय का हा?" मयुरीने विचारलं.

"पाहायला कशाला लागतो? थांब, आता एक बंद खोली निघेल."

बंद खोली निघाली. मयुरी हसायला लागली.

"आता मामी पोरांपुरती वेगळी खीर करेल. स्वतः त्यातलं बोट पण चाटणार नाही."

मामीने वेगळी खीर केली, वर त्यात कसलीशी पुडी सोडली. मयुरी हसून हसून लोळली. चंदन मात्र उशी पोटाशी घट्ट धरून बसला होता. ते तानुबाईच्या ध्यानात आलं नाही.

संध्याकाळी तिने कानबाईच्या रोटांचे गहू निवडायला घेतले. घराण्यात जेवढे पुरुष, तेवढ्यांच्या नावाने सव्वा सव्वा मूठ गहू घ्यायचे, ते दळायचे, आणि त्याचे जाडजूड रोट करून कानबाईला दाखवायचे. तो प्रसाद कुळातल्या माणसांनीच खायचा. शेजारी द्यायचा नाही, पाहुण्याला द्यायचा नाही. बहिणीची पोरं म्हणजे दुसरं कूळ. त्यामुळे तानुबाई सहज बोलून गेली, "ह्या गव्हांना हात लावू नका रे. उद्या तुमच्या दोघांपुरतं मी वेगळं करणार आहे."

रात्रीच्या जेवणाला चंदनने ताटाला हात लावला नाही.

"खा ना रे. तुझी आवडती वरण-बट्टी आहे."

"तू आधी खा."

तानुबाईला वाटलं, लाडात आलाय. मग तिने त्याचे डोळे पाहिले आणि तिचा हात थांबला. शाळेत रोज मास्तर आधी खिचडीची चव घेतात, मगच पोरं जेवतात. त्याचं तिला कधी काही वाटलं नव्हतं. आज तिने त्याच्याच ताटातली बट्टी मोडून खाल्ली.

मयुरी भावाला म्हणाली, "येडा आहेस का? मावशी रोटाबद्दल बोलत होती. पप्पा नाही का तुझ्या नावाची मूठ घ्यायचे? इथला रोट आपल्याला चालत नाही. आपण इथले नाही ना."

तिने हे इतक्या समजूतदारपणे सांगितलं, की तानुबाईला तिथे बसवेना. ती उठून गव्हांच्या परातीपाशी गेली. शालिग्रामची थोरली वहिनी बेबाबाई शेजारच्या घरातून गहू मोजायला आलीच होती. थोरले दीर वारल्यापासून कुळाचे नियम तीच सांभाळायची.

"अक्का, पोरांना पण रोट द्यायचा."

"काय वं तानू, येडी व्हयनी का? कुळना रोट शे तो."

"आपण दोघी कुठल्या कुळातून आलो? आपल्याला चालतोच ना?"

"आपल्याला वाजतगाजत आणलंय."

"ह्यांना रडत आणलं. पण आणलं मीच ना? देवीला राग आला तर माझ्यावर येऊ दे. पोरांना ह्या घरात वेगळं ताट नको."

जेवणावरून उठून शालिग्रामने हात धुतले, कानबाईच्या चौरंगाकडे पाहून ते जोडले. पहिली मूठ त्याने स्वतःच्या नावाने घेतली, दुसरी बेबाबाईच्या मुलाच्या, हितेंद्रच्या. मग जरा थांबून म्हणाला, "चंदन," आणि तिसरी मूठ परातीत सोडली.

बेबाबाई करवादली, "मूठ मोठी ल्या ना भाऊ! वाढतं पोरगं शे."

"आणि ताईची?" चंदनने दारातून विचारलं.

"मुलींची मोजत नाहीत रे," मयुरी म्हणाली.

"मोजत नहीत," बेबाबाई म्हणाली, "पण जात्यावर दयाले त्यासलेच बसनं पडस. ये इकडे, धर खुंटा." मयुरी जात्यापाशी बसली. बेबाबाई ओवी सांगू लागली आणि मयुरी चुकत चुकत तिच्यामागून म्हणू लागली.

सोमवारी अंजनी नदीवर कानबाईला निरोप देऊन सगळे घरी आले. चंदनने गंगाफळाची भाजी बाजूला सारली आणि दुधात कुस्करून दोन रोट खाल्ले. तेवढ्यात त्याचा मित्र नीलेश खेळायला बोलवायला आला. ताटाकडे पाहून म्हणाला, "मला पण दे ना."

तानुबाई काही बोलायच्या आत चंदनने ताट मागे ओढलं.

"हा नाही मिळणार. हा आमच्या घरच्यांचा असतो. थांब, मावशी तुला पुरणपोळी देईल."

तानुबाई पोळी आणायला आत गेली, ती डोळे पुसूनच बाहेर आली. नीलेशच्या पोळीवर तिने तूप जरा जास्तच वाढलं.