वहीतले साठ दिवस

अपस्माराच्या संशोधनात मी पंचेचाळिशीनंतर परत आले. मुलांच्या शाळा, सासऱ्यांचं आजारपण उरकलं आणि पीएचडीनंतरच्या संशोधनाचं दोन वर्षांचं कंत्राट घेतलं. सोबतचे सगळे माझ्याहून बरेच लहान. त्यांच्यासारखं कोडिंग मला जमत नव्हतं, पण नोंदी चोख ठेवता येत होत्या. म्हणून रुग्णांच्या घरच्या नोंदी माझ्याकडे आल्या.

प्रत्येक रुग्णाच्या मनगटावर एक पट्टा असे. फिट आली की हाताचे झटके आणि नाडी त्यात नोंदली जाई, आणि ती नोंद घरच्या मोबाइलवरून आमच्याकडे येई. शिवाय घरच्या माणसाने वहीत लिहायचं: फिट कधी आली, किती वेळ टिकली. दोन्हींची तुलना तीन महिन्यांनी एकदाच. तोवर पट्ट्याची नोंद उघडायची नाही, नाहीतर वही वाचताना मन आधीच एका बाजूला झुकतं. हा नियम मी कसोशीने पाळत होते.

वहीच्या पहिल्या पानावरच्या सूचना मीच लिहिल्या होत्या. गोळी चुकवू नये. एकट्याने पाण्यात उतरू नये. सहावी सूचना रुग्णाला हुरूप यावा म्हणून घातली होती: सलग साठ दिवस फिट आली नाही, तर कामावर परत जाण्याबद्दल डॉक्टरांशी बोलू.

उत्तनचा एक खलाशी आमच्या यादीत होता, तिशीचा. त्याची वही बायको लिहायची आणि दर आठवड्याला पानांचे फोटो पाठवायची. सुरुवातीच्या पानांवर खडान्‌खडा तपशील असे: कालवण ढवळत होते, मागून भांडं पडल्याचा आवाज आला, वळून बघते तर हे खाली. मग एका सोमवारपासून प्रत्येक रकान्यात एकच शब्द, न्हाय. मी खूश होते. शेजारच्या टेबलावरची मुलगी मला चिडवायची, "मॅडम, औषधापेक्षा तुमची वहीच भारी निघाली."

तीन महिने भरले त्या सकाळी मी त्याच्या पट्ट्याची नोंद उघडली. 'न्हाय' लिहिलेल्या साठ दिवसांत नऊ फिट होत्या. त्यातल्या दोन एकाच दिवशी. त्यानंतरचे तीन दिवस मात्र कोरे. पट्टा मनगटावर नव्हताच.

मी त्याच्या बायकोला फोन केला. ते दर्यात गेलेत, आज तिसरा दिवस, एवढं सांगून तिने फोन ठेवला. पुन्हा उचलला नाही. आमचे डॉक्टर म्हणाले, आधी त्याला परत बोलवा. भाईंदरहून उत्तनची बस पकडली. राई गाव मागे पडेपर्यंत मी काय बोलायचं ते कागदावर लिहीत होते. पुढे काही सुचलं नाही.

ती बोंबील वाळत घातलेल्या दांड्यांपाशी उभी होती. मला बघून तिला आश्चर्य वाटलं नाही.

"तुमच्याच कागदावर साठ दिवस लिवलंय ना, मॅडम? खरं लिवत बसले असते तर साठ कधी भरले असते?"

"पण डॉक्टरांशी बोलायचं होतं."

"बोलले असते तर न्हाय म्हटलं असतं त्यांनी."

बोट तिच्या भावाची होती आणि तांडेलही तोच. म्हणजे बोट चालवणारा आणि कुणाला न्यायचं ते ठरवणारा. वहीतले साठ 'न्हाय' तिने त्यालाच दाखवले होते. त्याच्या घरात वायरलेसचा सेट होता. तिथे ती मला घेऊन गेली खरी, पण माइक हातात घेऊन थांबली. म्हणाली की यावर बोललेलं सगळ्या बोटींना ऐकू जातं. मग यांना पुन्हा कोण नेईल?

"तुमीच सांगा, बोलू?"

"बोला," मी म्हटलं.

"दादा, यांना काठाशी उभं करू नको. यांना फिट येते अजून."

 खरखरीतून भावाचा आवाज आला. सकाळी जाळं ओढताना तिचा नवरा पडला होता. त्यांना वाटलं, बऱ्याच दिवसांनी आलाय, दर्या लागून चक्कर आली असेल. म्हणून पुढच्या बाजूला झोपवलं होतं.

"आता हलवतोय त्याला. उठत न्हाय."

माइक तिच्याच हातात होता. मी वाकून सांगितलं: कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, श्वास बघत राहा, सरळ किनाऱ्याकडे या. तो म्हणाला, पाच तास लागतील.

आम्ही आलो तेव्हा सेटवर दुसऱ्या बोटींची बडबड चालली होती. ती बडबड आता बंद झाली होती. सगळ्या बोटी ऐकत होत्या, आणि तिने माइक खाली ठेवला नव्हता.