शिशाचा एक मणी

कुणकेश्वरजवळच्या हायस्कुलात हरिश्चंद्र सर एकतीस वर्षं विज्ञान शिकवत होते. प्रथिनाचं त्यांचं मॉडेल, म्हणजे तारेत ओवलेले लाकडी मणी, दरवर्षी नवा रंग लावून देवगडच्या प्रदर्शनात जायचं. यंदा निवृत्तीचं वर्ष. जाता जाता पहिलं बक्षीस घ्यायचंच, असं त्यांनी बायकोलाही सांगून ठेवलेलं.

आणि नेमकी यंदाच सव्वीस वर्षांची तन्वी मॅडम शाळेत रुजू झाली. तिनं मासेमारीच्या जाळ्याचे तरंगते बोये आणि शिशाचे मणी एका दोरीला क्रमानं बांधले नि दोरी काचेच्या टाकीत सोडली. बोये वर, शिसं खाली, आणि दोरीचे आपोआप तीन वळसे! दहा वेळा सोडा, तेच तीन वळसे. "प्रथिनाचंही तसंच," ती मुलांना म्हणाली. "कुठली अमिनो आम्लं कुठल्या क्रमानं जोडलीत, त्यावरच घडी ठरते. बाहेरून कोणाला वळवावं लागत नाही."

सर एकतीस वर्षं तार हातानं वळवत आले होते. स्वतः रापण, म्हणजे किनाऱ्यावरचं मोठं जाळं, ओढणाऱ्याचा मुलगा, शिशाच्या मण्यांत खेळून वाढलेला, आणि सुचलं कोणाला? तर हिला! मुख्याध्यापकांनी तिचं मॉडेल निवडलं, तेव्हा सरांच्या अंगाचा तिळपापड झाला.

प्रदर्शनाच्या सकाळी टाकीपाशी कोणी नव्हतं. सरांनी मधला एक शिशाचा मणी कापून खिशात टाकला आणि त्या जागी बोया बांधला. शिकल्यासवरल्या माणसालाही मत्सर काय काय करायला लावतो!

परीक्षकांसमोर मधला वळसा पडलाच नाही. सर मागं उभे राहून मनातून सुखावले. तन्वीनं दोरी उचलली, एकेक गाठ चाचपली आणि एका गाठीपाशी थांबली.

"यात एकच मणी बदललाय," ती म्हणाली, "आणि बघा केवढं बिघडलं! सिकलसेलमध्येही एकच अमिनो आम्ल बदलतं. मग हिमोग्लोबिन एकमेकांना चिकटतं आणि तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात."

पहिलं बक्षीस तिलाच मिळालं.

परतताना गाडीत ती सरांच्या शेजारी येऊन बसली. "सर, ही रापणीची गाठ आपल्या शाळेत तुमकाच येता," ती हळूच म्हणाली. "तो मणी द्या माका. उद्या पोरांका आधीची घडी दाखवूची आसा. आणि गाठ पण शिकवा, बरी घट्ट बसली."

सरांनी खाली मान घालून मणी तिच्या हातावर ठेवला. बक्षिसापेक्षा आता तिच्या मोठ्या मनाचाच त्यांना जास्त हेवा वाटत होता.