पांढऱ्या चादरीतली वही

यजमान गेल्यावर आठ महिने मला प्रार्थना करता आली नाही. डोळे मिटले की शब्द ओठांपर्यंत येत आणि तिथेच थांबत. एकतीस वर्षे ते तेलुगू मुलखात, काचीगुड्याच्या आमच्या लहानशा मराठी ख्रिस्ती मंडळीचे पाळक होते. त्यांच्या मागे मंडळी दुभंगू लागली, आणि दोन्ही बाजू मलाच विचारू लागल्या, "पाळकसाहेब असते तर काय म्हणाले असते?"

रेल्वेतून निवृत्त झालेले आमचे ज्येष्ठ पंच शांतवनकाका म्हणत, उपासना मराठीतच होईल. बँकेत काम करणारी करुणा तरुणांच्या वतीने बोले. "आंटी, आम्हाला मराठी बोलता येते, वाचता कुठे येते? गीत सुरू झाले की आम्ही नुसते उभे. तेलुगूत करा, नाहीतर आम्ही वेगळे बसतो." खरे तर आमच्या यांनी याबाबत मला कधीच काही सांगितले नव्हते. पण हे कबूल करण्याचे धैर्य माझ्यात नव्हते. मनातून मला मराठीच हवी होती.

त्या दिवसांत नांदेडकडचे एक निवृत्त पाळक वर्षभरासाठी आले. सूचनाफलकावर 'हंगामी पाळक' असे लिहिले होते. करुणाने ते अक्षर अक्षर लावत वाचले आणि दखनीत विचारले, "हंगामी बोले तो? हंगामा करनेवाले?" ते शांतपणे म्हणाले, "हंगामा तुम्ही करताय, बाई. मी नुसता हंगामी." लोक हसले. मी हसले नाही. व्यासपीठामागच्या यांच्या खुर्चीवर ते कधी बसले नाहीत, बाजूला स्टूल घेत. तेही मला खुपले. यांच्या कपाटाची किल्ली मी पर्समध्ये ठेवून होते; त्यांनी ती मागितली नाही.

मंडळीची सभा ठरली तो महिन्याचा पहिला रविवार, यजमान गेल्यानंतरच्या पहिल्या प्रभुभोजनाचा, होता. उपासनेनंतर मत घ्यायचे होते. सकाळी हंगामी पाळक माझ्याकडे आले. "बाई, प्रभुभोजनाच्या मेजावरची पांढरी चादर कपाटात आहे म्हणतात. आज लागेल." मी पर्समधून किल्ली काढून दिली. थोड्या वेळाने ते परत आले तेव्हा चादरीच्या घडीत एक वही होती. "ही आत होती. मला तेलुगू येत नाही. तुमची वस्तू, तुम्ही ठेवा."

मी वही उघडली. अक्षर यांचेच, पण पानोपानी गोल गोल तेलुगू लिपी. मलाही ती वाचता येत नाही. म्हणजे यांनी गुपचूप तेलुगू उपासनेची तयारी केली होती, आणि मला एका शब्दाने सांगितले नव्हते! मी वही पर्समध्ये कोंबली. हंगामी पाळकांनी ते पाहिले आणि चादर पसरायला निघून गेले.

त्या दिवशी प्रभुभोजनाची भाकर आणि प्याला माझ्यापर्यंत आले तेव्हा मी दोन्ही पुढे दिले. पर्समध्ये ती वही असताना मला ते घेववेना.

सभेत आवाज चढले. शेवटी शांतवनकाका माझ्याकडे वळले. "पाळकीणबाई, तुम्हीच सांगा. साहेबांची इच्छा मराठीचीच होती ना?" नुसते 'हो' म्हणायचे होते. कोणाला कळलेही नसते. मी हंगामी पाळकांकडे पाहिले. ते स्टुलावर डोळे मिटून बसले होते. आठ महिन्यांनी पहिल्यांदा माझ्या आत एकच वाक्य उमटले : देवा, मला माहीत नाही. मी उठले आणि तेच मोठ्याने म्हणाले, "मला माहीत नाही." मग वही करुणाच्या हातात दिली. "ही त्यांची आहे. वाच. जे असेल ते."

ती वाचू लागली, अडखळली, पुन्हा पहिल्या ओळीवर गेली. "आंटी, हे तेलुगू नाहीच! अक्षरं तेलुगू आहेत, पण हे मराठी आहे हो. आपली गीतं!"

तिने पहिले गीत चालीवर म्हणायला घेतले. तेलुगूत 'ए' दोन असतात, एक आखूड आणि एक लांब. यांना त्या वयात तेवढे शिकता आले नव्हते. सगळीकडे आखूडच लिहिला होता. त्यामुळे 'देवा' म्हणताना करुणाचा सूर दर वेळी मधेच तुटे. शांतवनकाकांना राहवेना. "अगं, साहेबांनी देवालाच आखूड केलं की!" सगळे हसले, करुणा हसता हसता रडू लागली, आणि काका तिच्या शेजारी जाऊन उभे राहिले. "लांब ओढ, बाळ. असं." गीत पुरे झाले तेव्हा मागच्या रांगाही म्हणत होत्या. मत घ्यायचे राहूनच गेले.

आता उपासना मराठीत होते आणि गीते दोन्ही लिप्यांत छापलेली असतात. वर्ष संपले तेव्हा हंगामी पाळक किल्ली मला परत द्यायला आले. मी म्हटले, "नव्या पाळकांना द्या." किल्ली माझ्या मुठीत होती तोवर ते कपाट नुसते कपाट होते. सभेच्याच दिवशी चादर लागावी, आणि वही तेलुगू न येणाऱ्या माणसाच्या हाती लागावी, याचे मी कारण शोधत नाही. देवाचे उपकार मानते.

शनिवारी करुणा मला तेलुगू अक्षरे शिकवते. त्या वहीची मी स्वच्छ प्रत करते आहे, मात्रा सुधारून. पहिल्या ओळीतला आखूड 'दे' मात्र तसाच ठेवला आहे.