मधल्या दोन सीटा

सोनपेठच्या शाळेत मी एकोणतीस वर्षं भूगोल शिकवला. नकाशा हातात आला की आधी कोपऱ्यातली सूची बघायची, कोणतं चिन्ह कशाचं ते समजून घ्यायचं आणि मगच तोंड उघडायचं, हे मी पोरांना इतक्यांदा सांगितलं असेल की त्यातली काही आजही मला पाहून रस्ता बदलतात. सूची न बघता उत्तर लिहिलं की मी सरळ गुण कापायचो. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढं माझ्यावर हसताना तुम्हाला संकोच वाटायला नको.

मुलगा जर्मनीत असतो. कंपनीच्या कामासाठी त्याचं सारखं विमानानं फिरणं चालू असतं, त्या फिरण्याचे कसले तरी पॉइंट साठतात आणि त्या पॉइंटांवर त्यानं आम्हा दोघांची बिझनेस क्लासची तिकिटं काढली. हैदराबादहून थेट. फोनवर म्हणाला, "बाबा, पाचव्या रांगेतल्या मधल्या दोन सीटा घेतल्यात. ॲपवरून बदलता येतात. पण तुम्ही बदलू नका."

हे शेवटचं वाक्य त्यानं बोलायला नको होतं.

बायकोनं मात्र एकच प्रश्न विचारला. "शेजारी-शेजारी हायत ना?"

हा प्रश्न तिनं एकतीस वर्षं सांभाळून ठेवलेला होता. आमच्या लग्नाला तेवढीच वर्षं झाली आहेत आणि एवढ्या काळात आम्ही शेजारी बसून कुठंही गेलेलो नाही. लग्नाचं वऱ्हाड बोरीहून सोनपेठला आलं ते एसटीनं. मला ड्रायव्हरच्या मागं, वडिलांच्या शेजारी बसवलं होतं आणि ती मागं बायकांच्या घोळक्यात. "लग्नात माझी मान खाली होती आन् गाडीत तुमची मान समोर. तोंड बघितलं ते घरी आल्यावर," असं ती अजूनही चारचौघींत सांगते. पुढंही तसंच. एसटीत ती बायकांच्या सीटवर, मी मागं गड्यांमध्ये. शेजारी बसावं म्हटलं तर माझे एखादे चुलते नाहीतर तिचे एखादे मामा त्या गाडीत हटकून असायचे. जीपमध्ये मी ड्रायव्हरपाशी, ती मागं. मोटारसायकल घेतली, तिथंही ती मागं. थोडक्यात, माझ्या पाठीचा तिच्याइतका अभ्यास कुणाचा नसेल.

त्यामुळं "हो, शेजारीच आहेत" असं मी म्हटल्याबरोबर तिनं बोरीला भावजयीला फोन लावला. "आमी दोघंच जायलोत. न्हाई न्हाई, पोरगा तिकडंच हाय. शेजारी बसून. हाव, आख्खा दिवस!" मग परभणीला जाऊन साडी आणली. विमानासाठी साडी घेणारी मी पाहिलेली ती पहिलीच बाई, पण ते मी मोठ्यानं बोललो नाही.

आता आमचे शेजारी. एसटीतून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले, रोज सकाळी चहाला येणारे. मी त्यांना मोठ्या दिमाखात फोनवर सीटांचा नकाशा दाखवला. त्यांनी चष्मा पुसला, फोन लांब धरला आणि मोजलं.

"सर, सहाच रांगा? मिनीबस हाय का काय?"

पडद्यावर फक्त बिझनेस क्लास दिसत होता. मागं आणखी दोन-अडीचशे माणसं बसणार आहेत, हे मला माहीत होतं. पण ते सांगायच्या आत ते पुढं सरकले.

"तुमची पाचवी. सहातली पाचवी. म्हंजे बरोब्बर चाकावर! सर, माझं आयुष्य गेलं गाडीत. चाकावरच्या माणसाचे गुडघे हनुवटीला लागतेत. कुठल्या गाडीत माणूस खुशीनं चाकावर बसल्यालं दाखवा मला."

"विमानाचं चाक वर गेल्यावर आत ओढून घेतात," मी म्हणालो.

"आन् कुठं ठिवतेत?"

मी कपातला उरलेला चहा पिऊन टाकला.

"तेच म्हणायलोय मी. चौथी घ्या. आन् वहिनींना सांगू नका, बायामाणसं उगं घाबरतेत."

ते गेल्यावर मी नकाशा उघडला आणि आमच्यातला भूगोल जागा झाला. पाचव्या रांगेतल्या मधल्या दोन चौकोनांमध्ये एक उभी रेघ होती. म्हणजे भिंत. चौथ्या रांगेतल्या दोन चौकोनांमध्ये रेघ नव्हती. उलट मध्ये आणखी दोन छोटे चौकोन होते आणि सगळं एकाला एक चिकटलेलं. म्हणजे सलग बाक! मुलाला एवढं साधं कळू नये? कंडक्टरांना चाकाचं कळलं, मला भिंतीचं कळलं. मी चौथी रांग दाबली, "बदल झाला" असं आलं आणि मी आपली पाठ आपणच थोपटून घेतली. खाली बारीक अक्षरांत सूची होती. चष्मा आतल्या खोलीत होता.

विमानात शिरल्यावर एका तरुण बाईनं हसून आम्हाला चौथ्या रांगेपाशी नेलं. बायकोला एका बाजूच्या वाटेनं, मला दुसऱ्या. तेव्हाच काही तरी चुकतंय असं वाटायला हवं होतं. आम्ही बसलो. माझ्या उजव्या हाताला एक रुंद टेबल. त्याच्या पलीकडं बसल्यावर डोक्याच्याही वर जाणारी भिंत. भिंतीपलीकडं आणखी एक रुंद टेबल. आणि त्याच्याही पलीकडं, परराष्ट्रात असावी तशी, माझी बायको.

ते दोन छोटे चौकोन म्हणजे ही टेबलं.

"अवो," भिंतीपलीकडून आवाज आला. "कुठं हाव तुमी?"

"इथंच आहे."

"मला दिसंना गेलात."

मी कमरेतून वाकून मान पुढं काढली, तिनंही काढली. कासवांसारखी दोन डोकी भिंतीच्या टोकाशी भेटली. तिनं नवी साडी नेसली होती, तिचे काठ मला आत्ता पहिल्यांदा दिसले.

"ही भिंत कामून मधी?"

"याला प्रायव्हसी म्हणतात," मी म्हणालो. "लोक यासाठी जास्त पैसे देतात."

"एकतीस वर्षं कमी पडली व्हती व्हय प्रायव्हसी?"

तेवढ्यात ती तरुण बाई धावत आली. मी असा वाकलेला बघून तिला वाटलं, मला मळमळतंय. तिनं एक कागदी पिशवी उघडून माझ्या तोंडापुढं धरली. मी नको म्हणेपर्यंत तिनं माझी पाठ चोळायला घेतली. मी सरळ झालो आणि ती पिशवी, उगाच मन मोडायला नको म्हणून, हातात धरून बसलो.

भिंतीपलीकडून पुन्हा आवाज आला, या वेळी बारीक. "पोरानं तर पाचवी रांग सांगितली व्हती."

"हो."

"मंग?"

खोटं बोलायला मला एक क्षण लागतो. तो क्षण गेला. मी सगळं सांगितलं: चाक, कंडक्टर, रेघ, चौकोन. ती भांडली असती तर बरं झालं असतं. पलीकडून एवढंच ऐकू आलं, "मी समद्या बोरीला सांगितलंय हो."

मी मागं वळून पाहिलं. आमच्या मागं पाचवी रांग होती. मधल्या दोन सीटा एकमेकींना खेटून. एकीवर पांढऱ्या दाढीचे एक चाचा, दुसरीवर कानात गाण्याचं यंत्र घातलेली एक गोरी मुलगी. दोघांच्या मध्ये एक पातळ फळी वर केलेली, आणि तरीही दोघं एकमेकांपासून जेवढं लांब जाता येईल तेवढे लांब अंग चोरून बसलेले. यांना विचारावं, असं मनात आलं. मी मनातल्या मनात इंग्रजी जुळवायला घेतलं. "रिस्पेक्टेड सर" झालं. पुढं "विथ ड्यू रिस्पेक्ट" आलं, मग रजेचा अर्ज सुरू झाला, तो खोडला, पुन्हा "रिस्पेक्टेड सर"पाशी आलो. मॅडमना आधी लिहावं की सरांना, यात अडकलो असताना मागून ओळखीचा आवाज कानावर पडला.

बायको पाचव्या रांगेपाशी उभी होती.

"चाचा, हमकू दोनोंकू बाजू-बाजू में बैठना था," ती अस्सल परभणीच्या हिंदीत सांगत होती. "इनों नकाशे में गडबड कर दिये. मास्तर हैं, क्या करते."

चाचा हैदराबादचे निघाले. त्यांचा चेहरा असा उजळला की जणू त्यांची सुटका करायला कुणी आलं होतं. "अरे बहन, अल्ला तुमको खुश रख्खे! मैं यहाँ सांस रोक के बैठा हूँ. बच्ची अलग परेशान, मैं अलग परेशान." मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. "मास्टर साब, कौनसा सब्जेक्ट?"

"गणित," मी म्हणालो.

बायकोनं माझ्याकडं बघितलं, पण लाज राखली.

चाचांनी त्या मुलीला दोन शब्दांत समजावलं. ती इतक्या चपळाईनं उठली की तिची चप्पल मागं राहिली. दोघं पुढं जाऊन भिंतीच्या दोन बाजूंना बसले आणि दोघांनीही लांब श्वास सोडला, तो आम्हाला मागं ऐकू आला. तरुण बाईनं येऊन मधली फळी खाली केली. ती माझी रेघ. दाबली की खाली जाते.

आम्ही बसलो. खांद्याला खांदा लागला. मी थोडा सरकलो; तीही सरकली. सवय नाही. मग विमान धावायला लागलं तसे आम्ही आपोआप पूर्ववत खेटलो. वर गेल्यावर मी मान वळवून तिच्याकडं पाहिलं. इतक्या जवळून, एवढ्या उजेडात, बाजूनं. कानापाशी केस पांढरे झालेत, हे मला ठाऊक नव्हतं.

"समोर बघा," ती ओठ न हलवता म्हणाली.

"का?"

"लोक बघायलेत."

कुणीही बघत नव्हतं. पण मी समोर बघितलं. माझ्यापुढचा पडदा काही केल्या चालू झाला नव्हता, नुसती काळी पाटी. त्या काळ्या पाटीत मात्र आम्ही दोघं स्पष्ट दिसत होतो, आणि ती माझ्याकडं बघत होती. चांगली डोळे भरून, मला कळत नाही असं समजून.

तरुण बाई आली आणि पडदा सुरू करून देऊ का, असं खुणेनं विचारू लागली. मी हात जोडून नको म्हणालो.