चौदा नंबरचा फळा

आमच्या कॉलेजात कुठल्या वर्गातला कुठला प्लग ठिणग्या टाकतो, हे प्राचार्यांना माहीत नाही, विद्यापीठाला तर नाहीच नाही. ते सदानंदला माहीत आहे. कागदोपत्री तो शिपाई. पण कॉलेजचा एकुलता एक प्रोजेक्टर गेली बावीस वर्षं त्याच्या ताब्यात आहे. तो जुन्या टॉवेलात गुंडाळून, कडेवर घेऊन, सदानंद या वर्गातून त्या वर्गात नेतो. प्रोजेक्टर हवा असेल तर आदल्या दिवशी त्याच्या वहीत नाव लिहायचं. ज्यांनी कधी त्याला चहा विचारला नाही, त्यांच्या दिवशी प्रोजेक्टरचा दिवा हमखास गरम झालेला असतो. माझ्या वेळी तो सात वर्षं गरम होता.

याला एक कारण होतं. सदानंद नोकरीला लागण्याआधी, तिशी उलटल्यावर पुन्हा शिकायला येऊन, याच कॉलेजात प्रथम वर्ष कलेला होता आणि माझ्याच विषयात, अर्थशास्त्रात, नापास झाला होता. मी तेव्हा नुकताच लागलो होतो. वर्गही हाच, चौदा नंबरचा. एकशे वीस पोरांचा, सायकल स्टँडच्या वर, लांबच लांब. "शेवटच्या बाकावरून फळाच दिसायचा नाही, सर," असं तो मला बावीस वर्षं ऐकवत आला आणि मीही मान डोलावत आलो. फळ्यावर खापर फोडलं की त्याचीही सुटका होई आणि माझीही.

दोन वर्षांपूर्वी कॉलेजने वर्गांच्या आधुनिकीकरणाचा आराखडा करायला घेतला. सात जणांची समिती नेमली, त्यात मी होतो. अकरा बैठका झाल्या आणि अकराही बैठकांत समोसे चांगले होते. भिंतीवरचे मोठे टच-फळे घ्यायचे, एवढं पहिल्याच बैठकीत ठरलं. बाकी दहा बैठका कुठल्या वर्गात आधी लावायचे यावर गेल्या. शेवटी मुख्य दारापासून ऑफिसपर्यंतचे चार वर्ग पहिल्या टप्प्यात आले, कारण बाहेरून तपासणीला येणारी माणसं तेवढंच चालतात. चौदा नंबर चौथ्या टप्प्यात गेला.

"मॅडम, चौथा टप्पा कधी?" सदानंदने चहा ठेवता ठेवता विचारलं.

प्राचार्या वसुंधरा मॅडम सज्जन बाई. खोटं बोलवत नाही त्यांच्याने. "सदानंद, आराखड्यात तीनच टप्प्यांचा निधी आहे," त्या म्हणाल्या.

"मग चौथा लिहिला कशाला?"

"न लिहून कसं चालेल? चौदा नंबर वगळला असं दिसलं असतं."

सदानंद रिकामे कप घेऊन गेला. यंदाच्या मे महिन्यात तो निवृत्त होणार होता. त्याआधी चौदा नंबरच्या शेवटच्या बाकावरून फळा दिसला पाहिजे, असं त्याने मनाशी घेतलं. मला त्याने तसं बजावून सांगितलं, जणू मीच आडवा आलो होतो.

त्याच्या खाडीकाठच्या गावात धोंडूबाई म्हणून एक म्हाताऱ्या बाई आहेत. त्यांच्या भातशेतीचा एक तुकडा रस्त्यात गेला आणि मोबदला मिळाला. त्यातून त्यांना नवऱ्याच्या, शत्रुघ्नकाकांच्या नावाने स्मशानात सिमेंटचं बाक बसवायचं होतं. आमच्याकडे हे असंच चालतं. देवळातल्या पंख्याच्या पात्यांवरसुद्धा देणाऱ्याचं नाव रंगवलेलं असतं. पंखा बंद असला तरच ते वाचता येतं, म्हणून काही लोक जाऊन पंखा बंद करतात.

"काकी," सदानंद त्यांना म्हणाला, "स्मशानात कुणाचं लक्ष बाकावरच्या नावाकडे असतं? कॉलेजात फळा द्या. रोज एकशे वीस पोरं बघतील."

धोंडूबाईंना पटलं. पण एक अट घातली. नाव आणि फोटो कायम दिसला पाहिजे, नाही तर फळा परत. मॅडमनी तसं पत्र सही-शिक्क्यानिशी लिहून दिलं. फुकटचा फळा येतोय म्हटल्यावर सही करताना कोण विचार करतो?

फळा बसवायला कंपनीचा कल्पेश आला. सदानंद रंगाचा डबा आणि ब्रश घेऊन तयारच होता.

"काका, हे काय करताय?" कल्पेशने ब्रश धरला. "बॉडीवर पेंट मारला ना, तर वॉरंटी खतम. फोटो स्क्रीनवरच टाकू ना. तीन मिनटं कुणी टच नाय केला की आपोआप येणार. एकदम मोठा."

सदानंद खूश झाला. फोटो पुतण्याच्या लग्नातला होता. डोक्याला फेटा आणि फ्लॅशने वटारलेले डोळे. खाली 'कै. शत्रुघ्न यांच्या स्मरणार्थ'.

पहिल्याच आठवड्यात गोंधळ उडाला. आम्हा प्राध्यापकांना फळ्याकडे पाठ करून बोलायची सवय. बोलता बोलता तीन मिनिटं होत आणि पाठीमागे शत्रुघ्नकाका डोळे वटारून उभे राहत. पोरं एकदम गप्प बसत. माझ्या दरडावण्याने कधी बसली नव्हती. मी दर दोन मिनिटांनी फळ्याला बोट लावायला लागलो. पोरं घड्याळ लावून पैजा मारायला लागली. शेवटी मी सदानंदला म्हटलं, "काढून टाका तो फोटो."

"नाही सर. काकी मंगळवारी बघायला येणार आहेत. फोटो दिसला नाही तर फळा जाईल." मला वाईट वाटलं, पण ते मी दाखवलं नाही.

मंगळवारी धोंडूबाई आल्या आणि थेट शेवटच्या बाकावर जाऊन बसल्या. शेजारी सदानंद. मी मागणीचा नियम शिकवत होतो. सदानंदने मला तीन बोटं दाखवली, मग हात जोडले. तीन मिनिटं हात लावू नका, असा अर्थ. माझा स्वभाव वाईट. कुणी खुणा करून मला शिकवायला लागलं की मी मुद्दाम उलटं करतो. मी दर मिनिटाला फळ्यावर टिचक्या मारत राहिलो. "किंमत वाढली की मागणी कमी होते," मी म्हणालो आणि खाली उतरणारी रेघ काढली.

"ओ मास्तर," मागून आवाज आला. "गनपतीत केळी महाग होतात. मग तेव्हाच घ्यायला झुंबड का?"

वर्ग मागे वळला. मी बाकांच्या रांगेतून मागे गेलो. "आजी, हा नियम इतर गोष्टी कायम राहिल्या तर लागू होतो."

"कुठं राहतात कायम? आमच्या तर एक पन नाय राहिली."

पोरं हसली. मी सण, गरज, आवड सगळं समजावत होतो आणि त्या प्रत्येकाला बाजारातलं एकेक उत्तर देत होत्या. सव्वीस वर्षांत मला इतकं कुणी विचारलं नव्हतं. तेवढ्यात हसणं थांबलं. फळ्यावर शत्रुघ्नकाका आले होते.

धोंडूबाईंनी पदर सारखा केला. त्या नवऱ्याकडे बघत राहिल्या. सदानंद त्यांच्याकडे.

"सदा, यांना बाजूला कर," त्या म्हणाल्या. "ती रेघ दिसत नाय."

"काकी, पण तुमची अट..."

"यांना मी घरी रोज बघते. रेघ कुठं बघायला मिळते मला? वर्ग सुटला की लाव त्यांना. मानसांत लाजायचे ते."

सदानंद पळत जाऊन फळ्याला हात लावून आला. परत बसताना त्याने शर्टाच्या बाहीने डोळे पुसले. मी पुढे शिकवत राहिलो.

तास संपला, धोंडूबाई गेल्या. मी फळ्यासमोरच्या चौथऱ्यावरून खाली उतरलो आणि मिरवायच्या सुरात म्हटलं, "काय सदानंद, शेवटून दिसलं ना सगळं?"

"सगळं दिसलं, सर. अक्षर न् अक्षर." तो जरा घुटमळला. "पण कळलं ते काकींनी केळ्यांचं विचारलं तेव्हा."

मला राग आला. स्टाफरूमपर्यंत तो टिकला. रात्री बोळिंजला घरी बसून मी सव्वीस वर्षं वापरलेल्या टिपणांतलं पहिलं पान फाडलं आणि दुसऱ्या दिवशीचा तास केळ्यांपासून सुरू केला. सदानंद शेवटच्या बाकावर बसून तो लिहून घेत होता.